भरून येणं

डहाणूच्या किनाऱ्यावरून धावत, नरपड मागे टाकून चिखल्याच्या हद्दीत शिरताना मागून कुणीतरी पोटरीवर दगड मारला, असं मनोरमाला वाटलं. नेम धरून मारावा तसा, डाव्या पोटरीच्या बरोबर मधोमध. ती थोडी लंगडत पुढे गेली, थांबली आणि चिडून मागे वळली. मागे कुणीच नव्हतं. ओहोटीमुळे समुद्र पार आत गेला होता, काळपट ओल्या वाळूवर तिच्याच बुटांचे ठसे लांबून ओळीने येत होते, आणि सुरूच्या झाडांखाली एक कुत्रा अंगाचं मुटकुळं करून पडला होता. तिने खाली पाहिलं. दगडही नव्हता. वाकून तिने पोटरीला हात लावला, तेव्हा आतला स्नायू गोळा होऊन थरथरत होता. म्हणजे मार आतूनच बसला होता. त्रेपन्न वर्षांत तिला पुष्कळ ठिकाणी दुखलं होतं, पण दुखण्याने असं कधी फसवलं नव्हतं. आणि त्याहून तिला जे लागलं ते वेगळंच होतं. मागे वळतानाच्या त्या एका क्षणात तिला बरं वाटलं होतं. कुणीतरी आहे म्हणून.

परत येताना ती चालत आली, आणि रोज पायाखालून निघून जाणारा हा किनारा चालायला किती लांब आहे ते तिला पहिल्यांदा कळलं. धावताना सगळं बाजूने सरकत जायचं, तिच्याशी काही बोलायचं नाही. आता प्रत्येक होडी, प्रत्येक वाळत टाकलेलं जाळं तिच्यासमोर उभं राहून वाट अडवत होतं. पारनाक्यावर रिक्षात बसताना तिने डावा पाय हातांनी उचलून आत घेतला आणि रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं तेव्हा उगाचच हसली. दुपारी ती वेळेवर कामाला गेली. डहाणू रोडच्या बुकिंग ऑफिसात तिची बरीच नोकरी सरली होती. खेळाडू म्हणून रेल्वेत लागलेली, पंधराशे मीटर धावणारी, रेल्वेच्या संघातून कुठे कुठे जाऊन आलेली ही बाई, हे आता तिथल्या नव्या लोकांना कुणी सांगितलं तरच कळायचं. काचेपलीकडचे हात पूर्वीपेक्षा कमी झाले होते. लोक तिकिटं फोनवर काढत. मधल्या रिकाम्या वेळात शेजारच्या खिडकीवरचा सुनिल क्रिकेट बघत असे. त्या दिवशी टेबलाखाली तिची पोटरी हळूहळू सुजत गेली, कापडाची पट्टी आत रुतली, आणि वर ती गावांची नावं विचारत, सुटे पैसे परत देत बसून राहिली. सुनिलने एकदा विचारलं, मॅडम, चेहरा उतरलाय. तिने जागरण झालं म्हणून सांगितलं. दुखण्याला जागरण म्हणणं सोपं होतं. जागरणाचं कारण कुणी विचारत नाही.

स्टेशनजवळ कीर्ती नावाची एक मुलगी फिजिओथेरपीचा दवाखाना चालवायची. तिची आई मनोरमाच्या ओळखीची, म्हणून ती हिला मावशी म्हणे. कीर्तीने पोटरी दाबून पाहिली, पाय वर-खाली करायला लावला आणि मग सहज विचारावं तसं विचारलं की आठवड्यातून आराम किती दिवस. मनोरमाला प्रश्नच नीट कळला नाही. पावसाळ्यात कधी कधी बंद पडतं, असं काहीसं ती म्हणाली. कीर्ती हसली नाही. हातातली तेलाची बाटली तिने खाली ठेवली.

“मावशी, मोडायचं काम धावताना होतं. बांधायचं काम आडवं पडल्यावर होतं. विशीत रात्रीत बांधून व्हायचं, आता त्याला दिवस लागतात. तुम्ही बांधून व्हायच्या आधीच पुन्हा मोडायला जाता.”

दोन-तीन आठवडे धावणं बंद, असं तिने सांगितलं. आणि पुढेही, बरं झाल्यावरसुद्धा, एक दिवस जोराचा तर दुसरा दिवस नुसता आरामाचा. मनोरमाने मान हलवली. डिसेंबरात नाशिकला मास्टर्सची स्पर्धा होती, पन्नाशीच्या वरच्या बायकांची पाच हजार मीटर. गेल्या वर्षी तिथे ती तिसरी आली होती, आणि पहिल्या दोघी तिला फार लांब वाटल्या नव्हत्या. कीर्तीला तिने हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती की म्हणूनच आराम करा. ते बरोबरही होतं. मनोरमाला शरीराचं शास्त्र कळत नव्हतं असं नाही; तिला आराम म्हणजे नेमकं काय करायचं ते कळत नव्हतं. धावायला जायचं म्हणजे बूट घालायचे, दार ओढायचं, निघायचं. आराम करायचा म्हणजे कुठे जायचं?

मल्याणातल्या तिच्या घरी बाहेरच्या खोलीत खिडकीशी फरशीवर चार बारीक डाग होते, लोखंडी खाटेच्या चार पायांचे. त्या खाटेवर तिची आई तीन वर्षं पडून होती. उजवी बाजू गेली होती, जीभ जड झाली होती, पण डोळे शेवटपर्यंत लख्ख होते, आणि मनोरमा खोलीत जिकडे जाईल तिकडे ते मागे मागे यायचे. सकाळी अंग पुसायचं, कूस बदलायची, पेजेचा एकेक चमचा भरवायचा, आईपाशी बसणारी बाई आली की कामाला पळायचं, परत आलं की पुन्हा तेच. भाऊ शैलेश बडोद्याला. तो यायचा, दोन दिवस आईचा हात धरून बसायचा आणि जाताना ताईचे उपकार मानायचा, जणू आई ताईचीच होती. आई गेली, तेरावं झालं, पाहुणे गेले, भाडोत्री खाट ज्याची त्याने टेंपोतून नेली. दुसऱ्या दिवशी पहाटे आईचं अंग पुसायच्या वेळेला मनोरमाला जाग आली. ती उठून बसली. गरम पाणी ठेवायचं नव्हतं. चादर बदलायची नव्हती. घरभर असा एक सपाट शांतपणा होता की त्याला कुठे हात लावावा ते समजेना. तेव्हा तिने माळ्यावरून जुने बूट काढले. त्यांचे तळ कडक झाले होते. त्याच बुटांनी ती समुद्रावर गेली आणि वीस-बावीस वर्षांनी पळाली, धापा टाकत, मध्ये मध्ये चालत. घरी आली तेव्हा इतकी दमली होती की शांतपणाचं काही वाटलं नाही. तेव्हापासून तिला हा उपाय सापडला होता. दमून यायचं. रविवारी सगळ्यात जास्त दमायचं, कारण रविवार सगळ्यात मोठा असे. लोक कौतुक करत, या वयात काय हा उत्साह. एका स्थानिक वर्तमानपत्रात फोटोही आला होता. त्या फोटोत तिचे दोन्ही पाय जमिनीपासून वर होते. तो बघताना तिला वाटलं होतं, ही बाई कुठून तरी उडी मारून सुटलेली दिसते.

तर तिने आराम केला नाही. म्हणजे चार दिवस केला, आणि ते चार दिवस तिने धावण्यापेक्षा जास्त कष्टाने काढले. माळा झाडला, पडदे धुतले, बाहेरच्या खोलीत पाऊल टाकावं लागू नये म्हणून जेवायलासुद्धा स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहिली. रात्री पडलं की झोप येत नसे. न दमलेलं शरीर अंथरुणात पाहुण्यासारखं अवघडून पडायचं. पाचव्या दिवशी सूज उतरल्यासारखी वाटली. तिने पोटरी दाबून पाहिली, दुखली, पण तिने मनाशी ठरवलं की हे दाबल्याचं दुखणं आहे. पट्टी घट्ट बांधून ती निघाली. नरपडपर्यंत सगळं ठीक होतं. हवा थंड होती, वाळू कडक होती, श्वास हळूहळू आपल्या जागेवर येऊन बसला. पोटरी कुरकुरत होती, मग गप्प झाली, आणि ती गप्प झाल्याचा मनोरमाला इतका आनंद झाला की तिने वेग वाढवला. चिखलं मागे पडलं. घोलवडच्या बाजूला सुरूचं बन दाट होतं, माणसांची वर्दळ थांबायची, तिथे ती खरोखर धावली, तरुण असल्यासारखी, डोकं रिकामं, कानात वारा. आणि मग आत ओली दोरी तुटावी तसा एक आवाज झाला. तो तिने कानांनी ऐकला की पायाने, हे तिला पुढेही कधी सांगता आलं नाही. ती तोंडावर पडली. दातांत वाळू आली.

उठता येईना. पाय टेकवला की डोळ्यांपुढे पांढरं व्हायचं. ती बसल्या बसल्या हातांवर रेलत, मागे मागे सरकत कोरड्या वाळूपर्यंत आली आणि एका सुरूच्या बुंध्याला टेकली. भरती सुरू झाली होती. तिने पडताना वाळूत केलेला खड्डा पहिल्या लाटेने पुसट केला, दुसरीने बुजवला. कमरेच्या पाकिटातून फोन काढून तिने तो हातात धरला. कुणाला करायचा? सुनिल सकाळच्या पाळीला. कीर्तीला करायचा तर आधी कबूल करावं लागणार. शेजारचे गुजराती काका-काकी अहमदाबादला लेकीकडे. शैलेशला केला तर तो बडोद्याहून घाबरेल आणि मग इकडेतिकडे फोन करून कुणाला तरी पाठवायला सांगेल, आणि तो कुणीतरी शेवटी तिलाच शोधावा लागेल. ती नावं वर सरकवत राहिली. किती नावं होती. रेल्वेतली, स्पर्धांतली, आईच्या औषधवाल्याचं, खाटवाल्याचं, ऑक्सिजनच्या सिलिंडरवाल्याचं. तिने फोन मांडीवर ठेवला. काही माणसं मदतीला धावून आली असती. नाही असं नव्हतं. पण सकाळच्या या वेळी, काहीही न विचारता, ज्याला नुसतं ‘ये’ म्हणावं असं त्यांत कुणी नव्हतं. पडल्याचं रडू आलं नव्हतं ते आता घशाशी आलं. तिने ते गिळलं. त्याच्याबरोबर वाळूही गेली.

बनातून एक बाई डोक्यावर सुरूच्या काटक्यांचा भारा घेऊन आली. साठीची असावी, काळीसावळी, काटक, पाय अनवाणी. तिने लांबूनच पाहिलं, भारा एका झाडाशी उतरवला आणि जवळ येऊन उभी राहिली. मनोरमाकडे, मग वाळूतल्या ठशांकडे, मग पुन्हा मनोरमाकडे बघितलं.

“कोन मागं लागला होता काय, बाय?”

मनोरमा नाही म्हणाली. कुणीच नव्हतं. मग अशी का पळत होतीस, असं त्या बाईने विचारलं, आणि मनोरमा म्हणाली की सवय आहे. बाईने यावर मान डोलावली. काही सवयी असतात माणसांना, एवढंच तिच्या चेहऱ्यावर होतं. तिचं नाव भिकी. तिने वाकून मनोरमाचा हात आपल्या मानेभोवती घेतला, स्वतःचा हात तिच्या कमरेला घातला आणि तिला उभी केली. रस्ता फार लांब नव्हता, पण त्या दोघींना बराच वेळ लागला. भिकीच्या अंगाला चुलीच्या धुराचा आणि सुक्या मासळीचा वास होता. तिचा हात टणक आणि गरम होता. चालताना ती काही बोलत नव्हती, फक्त मध्ये मध्ये ‘हां’ म्हणायची, गुरांना हाकताना म्हणतात तसं. आणि मनोरमाच्या मनात आलं की आई गेल्यापासून आपल्या कमरेला कुणाचा हात लागलेला नाही. आईच्या वेळीही हात लागायचा तो आपलाच, आईच्या कमरेला. स्वतःचं वजन दुसऱ्यावर टाकणं इतकं अवघड असेल असं तिला माहीत नव्हतं. ती टाकत नव्हती. दुखऱ्या पायावर अंग चोरत होती. ते भिकीच्या लक्षात आलं. ती थांबली आणि तिला म्हणाली, “सोड गो अंग. मी काय पडत नाय.” मनोरमाने अंग सोडलं. भिकी खरंच पडली नाही. रस्त्यावर रिक्षा मिळाल्यावर मनोरमाने तिला काय द्यावं, काय म्हणावं याचा विचार करेपर्यंत ती भाऱ्याकडे परत निघालीसुद्धा होती.

या वेळी पायाचे फोटो काढले, तपासण्या झाल्या. स्नायू अर्धा फाटला होता. कीर्ती रागावली नाही, आणि ते जास्त वाईट होतं. नाशिक विसरा, एवढंच ती म्हणाली. डॉक्टरांनी सहा आठवड्यांची विश्रांती लिहून दिली, मनोरमाने रजा टाकली, आणि ऑफिसातल्या साहेबांना तिने रजा मागितल्याचंच नवल वाटलं. पायाला बुटासारखं एक काळं जाडजूड साधन घालून ती घरात वावरू लागली. पण मनातून तिने नाशिक सोडलं नव्हतं. अजून वेळ होता. सहा आठवड्यांचं चार आठवड्यांत करणारी माणसं असतात. तिला फक्त कुणीतरी म्हणायला हवं होतं की जमेल, आणि असं म्हणणारा एकच माणूस तिच्या आयुष्यात झाला होता. एकनाथ सर. शाळेत त्यांनीच तिला धावायला लावलं होतं. पाय दुखतो म्हटलं की ते म्हणत, दुखू दे. ताप आहे म्हटलं की म्हणत, घाम येईल, उतरेल. आता ते ऐंशीच्या पुढे होते आणि तलासरीला मुलाकडे राहत होते. तिने बऱ्याच वर्षांत त्यांना पाहिलं नव्हतं. आईच्या वेळीही कळवलं नव्हतं. एका सकाळी ते जाडजूड साधन घालून ती एसटीत बसली. रानशेत गेलं, चारोटीवरून गाडी हायवेला लागली, आणि मोठमोठ्या ट्रकांमधून जाताना तिला परीक्षेला निघाल्यासारखं वाटत राहिलं.

सर अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. बनियन, लुंगी, दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रियेच्या उभ्या रेघा. त्या रेघांकडे तिची नजर पुन्हा पुन्हा जात होती. त्यांनी तिला लगेच ओळखलं, ‘मने’ म्हणाले, आणि सून कविता हिला हाक मारून चहा टाकायला सांगितला. ही बघ, आमची रेल्वेवाली. मनोरमाने सगळं सांगितलं, थोडं कमी करून. अर्धा फाटल्याचं तिने जरासा ताणल्याचं केलं. नाशिकचं सांगितलं, गेल्या वर्षीचं तिसरं येणं सांगितलं, कशी रोज धावते, एकही दिवस चुकवत नाही, तेही. बोलताना तिच्या लक्षात आलं की ती पाठ ताठ करून, हात मागे बांधून उभं राहिल्यासारखी बसली आहे. सर ऐकत होते. मग त्यांनी विचारलं की दुपारी झोपतेस का.

ती म्हणाली नाही, सर, वेळच मिळत नाही. सरांना याचं फार आश्चर्य वाटलं. ते कविताकडे वळून हसायला लागले. ही झोपाळू पोर, ते म्हणाले, अख्ख्या शाळेत हिच्यासारखी झोपणारी दुसरी नव्हती. सराव झाला की मैदानाच्या कडेला आंब्याखाली दप्तर उशाला घेऊन पडायची ती घंटेलासुद्धा उठायची नाही. मनोरमाला हे आठवत नव्हतं. तिला आठवत होती ती पहाट, थंडी, सरांची शिट्टी, सगळ्यांच्या नंतर थांबून मारलेल्या जादा फेऱ्या. तिच्या आठवणीत ती कधीच झोपलेली नव्हती. सर पुढे सांगत होते. राज्य स्पर्धेच्या आधी एका रविवारी जादा सराव घ्यायचा म्हणून ते स्वतः सायकल मारत रेल्वे क्वार्टरवर तिला बोलवायला गेले होते. तर तिची आई दारातच बसलेली, उंबऱ्यावर, तांदूळ निवडत. उठली नाही, आत या म्हणाली नाही.

“मला म्हणते, पोर झोपलीय. मी म्हटलं, उठवा, राज्याची स्पर्धा आहे. तर म्हणते, सर, तुम्ही तिला पळवता, मी काही बोलते का? आता ती माझ्याकडे आहे. मग मी काय करणार, आलो परत.”

कविता हसली. सरही हसले, आणि हसता हसता त्यांनी विचारलं की आई बरी आहे ना. मनोरमाने सांगितलं की गेली, दोन वर्षं होतील. त्यांचे हात गुडघ्यांवर होते, बोटं त्या रेघांवरून हळूहळू फिरत होती. अंगणात कोंबडी पाचोळा उकरत होती. मग, एखाद्या साध्या व्यवस्थेची चौकशी करावी तसं, ते म्हणाले,

“मग आता दाराशी कोण बसतं?”

परतीच्या एसटीत तिला खिडकी मिळाली. पाय समोर लांब करता येत नव्हता, म्हणून ती तिरकी बसली होती. सरांकडे जे मागायला गेली होती ते मागायचं राहून गेलं हे तिला चारोटी आल्यावर आठवलं, आणि त्याचं काही वाटलं नाही. तिच्या डोक्यात यार्डातलं ते क्वार्टर उभं राहिलं होतं. एक खोली, पुढे ओटा, मागे न्हाणी. वडील पॉइंट्समन, रुळांचे सांधे बदलणारे, पाळी कधी दिवसा कधी रात्री. शंटिंगचे धक्के, इंजिनाच्या शिट्ट्या, शेजारच्या क्वार्टरांतली पोरं. इतक्या गोंगाटात ती दुपारभर झोपायची? कशी झोपायची? तिला इतकंच आठवत होतं की डोळे मिटताना आईचे अंगठे पोटरीवर फिरत असायचे, कोमट तेलाचा वास असायचा, आणि डोळे उघडताना खिडकीवर ओलं गोणपाट टांगलेलं असायचं आणि तांब्याशेजारी झाकून ठेवलेली नाचणीची आंबील. मधलं काही नव्हतं. मधे ती झोपलेली होती. त्या मधल्या वेळात कुणीतरी ओट्यावरच्या पोरांना लांब हाकललं असेल, गोणपाट सुकलं की पुन्हा भिजवलं असेल, भांडी न वाजवता घासली असतील, नळावर तिच्या वाटणीच्या घागरी स्वतः भरल्या असतील, दाराशी आलेल्याला परत पाठवलं असेल. ती झोपलेली होती म्हणून तिने यातलं काहीच पाहिलं नव्हतं. आयुष्यभर ती समजत आली होती की तरुण शरीर आपोआप भरून येतं. शरीराचाच तो गुण असतो आणि वय झालं की जातो. पण आपोआप नव्हतं ते. कुणीतरी बसून ते करत होतं. आणि तीन वर्षं खाटेवरून तिचा पाठलाग करणारे ते डोळे तिला आठवले. तिला वाटायचं आई काहीतरी मागते आहे; ती पाणी द्यायची, कूस बदलायची, पंखा कमी-जास्त करायची, आणि डोळे तसेच राहायचे. कदाचित आई काही मागत नव्हती. पोर दिवसभर उभी आहे, आडवी का होत नाही, एवढंच बघत असेल. गाडीत शेजारची बाई तिच्याकडे पाहू लागली तेव्हा मनोरमाने तोंड खिडकीकडे केलं.

घरी आल्यावर दुपार होती. तिने वरणभात लावला, आणि पहिल्यांदाच ओट्याशी उभी न राहता ताट घेऊन बाहेरच्या खोलीत बसून जेवली. तेल कोमट केलं. स्वतःच्या पोटरीला स्वतः तेल लावताना वाकावं लागतं, हात पुरत नाही, अंगठ्याला जोर येत नाही. दुसऱ्याने लावलेल्या तेलासारखं ते नसतं. तरी तिने लावलं. दाराला आतून कडी घातली, फोन बंद केला, खिडकीवर धुतलेली चादर टांगली आणि त्या चार डागांच्या मधोमध सतरंजी टाकून ती आडवी झाली. झोप आली नाही. आधी आलं ते रडू. दोन वर्षं ती ज्याच्या पुढे पुढे पळत होती ते सगळं, ती आडवी सापडताच, येऊन अंगावर बसलं. ती मोठ्याने रडली, कुणी ऐकणार नव्हतं म्हणून, आणि कुणी ऐकणार नव्हतं याचंही रडली. आई गेली तेव्हा ती रडली नव्हती. तेव्हा माणसं होती, चहा करायचा होता. खूप वेळाने रडणं आपोआप संपलं, आणि मग फरशीचा गारवा पाठीला जाणवायला लागला, रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला, वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली. तिला जाग आली तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि तिच्या तोंडातून लाळ गळून सतरंजी ओली झाली होती.

पुढचे दिवस सोपे गेले असं नाही. एकटेपण गेलं नाही. आता ते न दमलेल्या अंगाला स्पष्ट दिसू लागलं, एवढंच. काही दुपारी झोप लागे, काही दुपारी ती नुसती छताकडे बघत पडून राही आणि आपण म्हातारे होणार, याच खोलीत होणार, हा विचार येऊन शेजारी बसे. पूर्वी तो आला की ती बूट घालायची. आता बूट घालता येत नव्हते. तेव्हा ती त्याला बसू द्यायची. बराच वेळ बसून तो कधीतरी उठून जायचा. नाशिकवाल्यांना तिने फोन करून नाव काढायला सांगितलं. पलीकडची मुलगी म्हणाली, काही हरकत नाही मॅडम, पुढच्या वर्षी या, आणि मनोरमा म्हणाली, बघू. ज्या रविवारी ती शर्यत झाली त्या दिवशी ती पुन्हा कामावर रुजू झाली होती आणि खिडकीवर गर्दी होती. संध्याकाळी निकाल फोनवर आला. गेल्या वर्षीची दुसरी या वेळी पहिली आली होती. मनोरमाने तिला अभिनंदनाचा निरोप पाठवला आणि खरं म्हणजे तिला वाईट वाटलं, पुष्कळ वाटलं. ते तिने कुणाला सांगितलं नाही, पण स्वतःशी नाकारलंही नाही.

जानेवारीत कीर्तीने परवानगी दिली. हळू, थोडंसं, आणि दुसऱ्या दिवशी सक्तीने काही नाही. मनोरमा सकाळी पारनाक्यावर उतरली. थंडी होती, समुद्र धूसर होता, दोन-तीन होड्या परतत होत्या. ती आधी चालली, मग चालण्यातच पावलं जरा उचलली, आणि ती धावू लागली आहे हे तिला काही वेळाने कळलं. पोटरीत एक जागा होती, दुखत नव्हती, पण तिथे काहीतरी झालं होतं हे माहीत असलेली जागा. प्रत्येक पावलाला ती त्या जागेला विचारत होती. नरपडची घरं दिसू लागली. श्वास जमला. कानात वारा यायला लागला, मांड्या गरम झाल्या, आणि तो जुना, ओळखीचा जोर आतून वर यायला लागला. अजून, अजून. पुढे चिखलं होतं, घोलवड होतं, पार झाई गावापर्यंत किनारा मोकळा पडला होता आणि त्याच्यावर एकही माणूस नव्हता.

ती थांबली. थांबणं तिला जमलं नाही नीट. चार पावलं पुढे गेली, मग थांबली. कुणी तिला थांबवलं नव्हतं आणि थांबल्याचं कुणी पाहिलंही नव्हतं. कमरेवर हात ठेवून ती समुद्राकडे तोंड करून उभी राहिली. छाती वर-खाली होत होती. पूर्वी ती इथे उभी राहत नसे, लगेच वळायची, आंघोळ, डबा, पाळी. श्वास कधी खाली बसतो ते तिने कधी पाहिलंच नव्हतं. आता ती त्याच्याकडे लक्ष देऊन उभी राहिली. तो मोठा होता, मग लहान झाला, मग आणखी लहान, मध्येच एकदा अडखळला, आणि मग इतका शांत झाला की लाटेचा आवाज त्याच्यापेक्षा मोठा झाला. अजून धावता आलं असतं. सहज आलं असतं. ते ‘अजून’ तसंच अंगात ठेवून ती घराकडे वळली आणि चालू लागली.